भाच्याचं लग्न चेन्नईला आणि मुहूर्त सकाळी साडेसातचा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिकहून एक आत्या): ताई, माझ्या भावाच्या मुलाचं लग्न चेन्नईला ठरलंय, मुलगी तमिळ, अय्यर. विधी त्यांच्या पद्धतीने पण अंतरपाट आणि मंगलाष्टकं आपली, असं मुलांनीच ठरवलंय. मुहूर्त सकाळी साडेसात ते नऊ! आम्ही चाळीसेक जण इकडून निघणार. नवरदेव छत्री घेऊन काशीला निघतो आणि सासरा त्याला वळवून आणतो हे ऐकल्यापासून मोठे दादा "हा काय पोरखेळ" म्हणून फुगलेत. मंगळसूत्र त्यांचं की आपलं, अक्षता कधी टाकायच्या, वरपक्षाचा मान कोण ठेवणार, आणि मी तिथे नुसती मिरवायचं का?

उत्तर: आत्याबाई, मानाचं नंतर बघू, आधी तिकिटांचं बघा. तिकडे वरात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी निघते, जानवासम म्हणतात, नवरदेव सजवलेल्या गाडीत आणि पुढे नादस्वरम-तविल, म्हणजे तिकडची सनई आणि ढोल. म्हणजे आपलं सीमांतपूजन ज्या वेळी असतं साधारण तेव्हाच. तुमची मंडळी सकाळच्या विमानाने थेट हॉलवर उतरणार असतील तर वरातही हुकली आणि बहुतेक लग्नही हुकलं, कारण सकाळचे विधी मुहूर्ताच्या बरेच आधी सुरू होतात. अशा लग्नांत मी जेवढी भांडणं बघितली ती विधींवरून कमी आणि घड्याळावरून जास्त. आपल्याकडे पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं लिहिलेलं असतं आणि लोक सव्वाबाराला रिक्षा शोधतात, तिकडे ते चालायचं नाही. चाळीस जणांना आदल्या दुपारपर्यंत पोचवा, अर्धं काम तिथेच झालं.

आता दादांचा पोरखेळ. त्यांना एवढंच विचारा की तुमच्या सोडमुंजीत काय झालं होतं. बटू काशीला निघतो आणि मामा "माझी मुलगी देतो, थांब" म्हणून अडवतो, बरोबर? तीच काशीयात्रा तिकडे लग्नाच्या सकाळी होते, हातात छत्री, काठी, पुस्तक, आणि अडवायला मुलीचे वडील. चेष्टामस्करी त्यात अपेक्षितच असते, तेव्हा दादांनीच पुढे होऊन "जा रे जा, सुटशील" म्हटलं तरी कुणी रागावणार नाही.

मग माळा. तिकडे मुलाला आणि मुलीला आपापले मामा उचलून धरतात आणि हार घालताना एकमेकांना चकवतात. (तुमच्या भावजयीच्या भावाची कंबर कशी आहे ते आधी विचारून ठेवा, नाहीतर एखादा धडधाकट मावसभाऊ उभा करा, चालतं.) त्यानंतर ऊंजल, म्हणजे दोघांना झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, दूध-केळं भरवतात आणि रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात, आपण दृष्ट काढतो तसंच. इथे वरपक्षाच्या बायकाही पुढे जातात, तुम्ही जा, लाजू नका.

खरी गोची मुहूर्ताची आहे आणि ती कुणी आधी बोलत नाही. आपल्याकडे मुहूर्ताचा क्षण म्हणजे अंतरपाट दूर होतो तो, त्यांच्याकडे ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधतात तो. दोन्ही भटजींना एकच वेळ आपापल्या क्षणासाठी हवी असते आणि मग स्टेजवर दोन पंचांगं समोरासमोर येतात. माझी जाऊ तंजावरकडची आहे, आमच्याकडे यावर तोडगा असा निघाला की मुहूर्त लागल्या लागल्या अंतरपाट धरून तीनच मंगलाष्टकं, तीही जिला सूर आहे अशाच मावशीने म्हणायची, मग अंतरपाट काढून कन्यादान आणि त्याच मुहूर्तात ताली. कन्यादानाला मुलगी वडिलांच्या मांडीवर बसते, ते बघायला पुढच्या रांगेत जागा धरा. तुमच्या भटजींना आणि त्यांच्या वाध्यारांना आठवडाभर आधी फोनवर बोलू द्या, संस्कृत दोघांनाही येतं, जमवून घेतात.

अक्षता मात्र जपून वापरा. आपले लोक प्रत्येक "शुभमंगल सावधान"ला मूठ रिकामी करतात आणि नंतर ताली बांधताना वाजंत्री एकदम जोरात सुरू होते तेव्हा सगळा हॉल अक्षता टाकतो आणि आपले हात रिकामे! थोड्या राखून ठेवा.

मंगळसूत्राचं म्हणाल तर दोन्ही घालता येतात, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मुहूर्तावर हळदीच्या पिवळ्या दोऱ्यातली ताली, विधी आटोपले की काळ्या मण्यांचं. आणि इथेच तुमचं उत्तर आहे. तालीची पहिली गाठ नवरा मारतो, पुढच्या दोन गाठी सहसा त्याची बहीण मारते. सख्खी नसेल तर चुलत, आत्ते, मामेबहीण चालते. भाच्याला सख्खी बहीण नसेल तर तुमच्या लेकीचा नंबर लागतो की! यापेक्षा मोठा मान कुठला हवाय तुम्हाला? विहिणीचे पाय धुणं, तिकडच्या ताटांत किती साड्या आल्या हे मोजणं, ते कृपा करून नाशिकलाच ठेवा. त्यांच्याकडे देवाणघेवाणीची ताटं असतात, रीत आहे, पण त्याचा हिशोब लॉबीत उभं राहून करू नका.

सप्तपदी आणि होम एकदाच. काही घरांत "आपल्याही पद्धतीने होऊन जाऊ दे" म्हणून संध्याकाळी परत सगळं करतात, मला ते पटत नाही, पोरं धुराने आणि झोपेने अर्धमेली होतात. कायद्यालाही गरज नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये वर किंवा वधू, कुठल्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतं असं आहे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण. त्यामुळे अंतरपाट धरला काय, नाही धरला काय, लग्न लागतंच, अंतरपाट आपल्या हौसेचा. नंतर नोंदणी करून घ्या, ती विसरतात लोक.

कपडे काय विचारायचे, पैठणी नेसा. नऊवारी येत असेल तर नेसाच, कारण नवरी स्वतः मडिसार नेसणार, तीही नऊवारच, काष्ट्याची, आणि तिकडच्या मामी तुम्हाला कोपऱ्यात नेऊन तुमचा काष्टा कसा घातलाय ते बघणार.

जेवण केळीच्या पानावर, बिनकांदा-लसणाचं, आधी चमचाभर पायसम मग सांबार, रसम, शेवटी ताकभात. वाढप फार वेगात, "नको" म्हणायला हात पानावर आडवा धरावा लागतो. झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. मसालेभात आणि मठ्ठा शोधत फिरू नका, आपल्याला घरी मिळतोच.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): मुलाचं लग्न बंगाली मुलीशी आहे. माझे पती पाच वर्षांपूर्वी गेले. दोन्हीकडचे ज्येष्ठ म्हणतात ओवाळायला काकू पुढे होऊ दे. मी गप्प बसावं का?

उत्तर: नाही. दोन्ही घरांच्या रीती वेगळ्या पण नेमक्या याच बाबतीत सगळ्यांचं कसं एकमत होतं बघा! तुमच्याच शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. पण घरात ठराव कोण करणार, तर तुमचा मुलगा. त्याला सांगा की लग्नाच्या आधीच, दोन्ही घरांच्या एकत्र व्हिडिओ कॉलवर, "मला आईच ओवाळणार" एवढं एक वाक्य बोल. मांडवात ऐनवेळी बोललं की तमाशा होतो, आधी बोललं की फक्त दोन दिवस कुजबुज होते. ताट तुम्ही स्वतः तयार करून ठेवा, कुणाच्या हातून मागून घेऊ नका.

प्रश्न (ठाण्याहून): मुलीचं सासर तमिळ, तारीखच जुळत नाहीये, आम्हाला चालतं ते त्यांना चालत नाही.

उत्तर: आपले महिने चंद्राचे, त्यांचे सूर्याचे, म्हणून हा घोळ. त्यांना आडी (जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य) आणि मारगळी (डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य) वर्ज्य, आपला चातुर्मास आषाढी ते कार्तिकी, आणि बरेच जण पौषही टाळतात. त्यांचा आवणी महिना लग्नांचा, नेमका तेव्हा आपला श्रावण-भाद्रपद. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर डिसेंबर मध्यापर्यंत एक फट मिळते, नाहीतर थेट माघ किंवा वैशाख. त्यातल्या दोन-तीन तारखा काढून दोन्हीकडच्या गुरुजींना दाखवा. राहुकाळ ते बघतीलच, तो रोज दीड तासाचा असतो आणि वार बदलला की वेळ बदलते, सोमवारी साधारण साडेसात ते नऊ. तारीख ठरली की त्याच दिवशी हॉलला आगाऊ रक्कम भरा, कारण त्या फटीत सगळ्यांनाच लग्नं करायची असतात.