गणंग म्हणजे झोपलेलं बी का?

प्रश्न असा होता की मूग भिजवून मोड आणले की चारदोन दाणे खड्यासारखे टणक राहतात, त्यांना मराठीत काही नाव आहे का आणि त्यांना 'सुप्त बी' म्हटलं तर चालेल का.

नाव आहे की, गणंग! आमच्या फोंड्याच्या घरात मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची गोव्याकडची रस्साभाजी) करायच्या दिवशी हा शब्द हमखास ऐकू येतो, कारण भिजत नाही तो शिजतही नाही आणि जेवताना बरोबर दाढेखाली येतो. निगरगट्ट माणसालाही गणंग म्हणतात ते उगाच नाही.

आता सुप्त म्हणायचं का, तर हो, बिनधास्त. गणंग मेलेला नसतो, त्याचं साल इतकं घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. दगडावर जरा घासून परत भिजत घाला, बहुतेक वेळा फुगतो आणि मोडही येतो. भाताची झोप मात्र वेगळी. ताज्या कापणीचं भात पाणी पितं तरी रुजत नाही, कारण अडवणारं हार्मोन (अ‍ॅबसिसिक आम्ल) आतच असतं. काही काळ ठेवलं की त्याचा जोर ओसरतो, मग भिजवल्यावर जिबरेलिन हे दुसरं हार्मोन दाण्याच्या बाहेरच्या थराला कामाला लावतं, तिथे अमायलेज तयार होतं आणि पिठाची साखर होऊन कोंबाला खाऊ मिळतो. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) कोरगुट हे खारं पाणी सोसणारं भात पेरायच्या आधी भिजवून मोड आणतात तेव्हा आत हेच चाललेलं असतं. म्हणजे दोन्ही सुप्तच, पण गणंग म्हणायचं ते फक्त पहिल्याला, भाताच्या बियाण्याला कोणी गणंग म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

जाता जाता, मोड आणि कोंब एकच समजू नका हं. मुगातून आधी बाहेर येतं ते पांढरं शेपूट म्हणजे मूळ, कोंब नंतर वर निघतो. वनस्पतीशास्त्रातही मूळ साल फोडून बाहेर आलं की अंकुरण झालं असं धरतात, म्हणजे त्याला आपलं 'मोड येणे' चपखल बसतं. 'उगवणे' ही पुढची पायरी, मातीच्या वर दिसलं की मगच. पुस्तकवाले सगळ्यालाच अंकुरण म्हणून मोकळे होतात, मला स्वयंपाकघरातले शब्द जास्त नेमके वाटतात.