फुकट गिग म्हणजे टुकार गिग नव्हे: नेदरलँड्समध्ये लोकल बँड कुठे ऐकायचे

प्रश्न वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वेल्डहोवनला (आइंडहोवनला लागूनच) नोकरीला येऊन काही महिने झालेत, पुण्यात छोटे गिग, म्हणजे बँडचे लाइव्ह कार्यक्रम, बघायची सवय होती, इथल्या मोठ्या हॉलची तिकिटं खिशाला जड जातायत, तर डच अंडरग्राउंड (मोठ्या कंपन्या-रेडिओच्या बाहेरचे) बँड फुकटात कुठे ऐकायला मिळतील, आणि फुकट आहे म्हणजे हौशे-नवशे-गवशे तर नसतील ना.

दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो कारण ती आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असते. इथे फुकट म्हणजे दारावर पैसे घेत नाहीत एवढंच, पैसे कुणीच देत नाही असं नाही. नगरपालिका आणि कल्चर फंड अनुदान देतात, कॅफेवाल्याचा गल्ला बिअरवर भरतो, आणि बँडला हवे असतात नवे कान आणि गर्दीत कुठेतरी उभे असलेले बुकर, म्हणजे पुढचे कार्यक्रम देणारे लोक. कुणाला वाजवू द्यायचं याची चाळणी दाराच्या आधीच लागलेली असते.

सुरुवात पॉपरोंडेपासून करा. हा फिरता फेस्टिव्हल आहे, नायमेखनमध्ये नव्वदच्या दशकात सुरू झाला. दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर देशभरातल्या कितीतरी शहरांत फिरतो आणि शेवट ॲमस्टरडॅमला होतो (शेवटच्या पार्टीला मात्र तिकीट असतं). शंभराहून जास्त नवे डच बँड आणि गायक निवडतात, मग प्रत्येक शहरातले आयोजक त्या यादीतून आपल्याला हवे ते उचलतात, त्यामुळे एखादा बँड वीस शहरांत वाजवतो आणि एखादा दोन-चारच ठिकाणी, आणि कुणाला किती शहरांनी बोलावलं यावरून त्या वर्षी हवा कुणाची आहे ते बरोबर कळतं. वाजवायच्या जागा म्हणजे कॅफे, पुस्तकांची दुकानं, चर्च, कधी सलून सुद्धा. आपण पुण्यात रात्री गणपती बघायला निघतो तसंच हे, हातात नकाशा, एका ठिकाणी वीस मिनिटं उभं राहायचं, नाही आवडलं की पुढच्या गल्लीत. तिकीट नसण्याचा खरा फायदा हाच आहे, पैसे वसूल करायला बसून राहावं लागत नाही, त्यामुळे माणूस एरवी ज्याच्या वाटेला गेला नसता ते पण ऐकतो. आइंडहोवनचा दिवस यादीत असतो, पण तेवढ्यावर थांबू नका, टिलबर्ग आणि डेन बॉश ट्रेनने अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहेत, तिथलं पण वेळापत्रक बघा.

आता जुनी अंडरग्राउंडवाली मंडळी पॉपरोंडेला नाकं मुरडतात, त्यांच्या मते ते फार चकचकीत झालंय, टिलबर्गच्या रॉकअकादमीतून (पॉप-रॉक शिकवणारं कॉलेज) शिकून आलेली पोरं, तयार फोटो, तयार बायो. यात तथ्य आहे थोडं. पण नवख्या माणसाला एका रात्रीत आठ-दहा बँड चाखायची याहून सोपी सोय मला तरी माहीत नाही.

जानेवारीत ग्रोनिंगन. थंडी मरणाची आणि आइंडहोवनहून ट्रेनला तीनेक तास लागतात, तरी एकदा जाच. तिथे एका आठवड्यात युरोसॉनिक नूर्डरस्लाख हा नव्या बँडचा मोठा फेस्टिव्हल असतो. त्यातला शनिवार म्हणजे नूर्डरस्लाख, ऑस्टरपोर्ट नावाच्या हॉलमध्ये, फक्त डच बँड, १९८६ पासून चालू आहे, पण त्याला तिकीट लागतं आणि अर्धा हॉल इंडस्ट्रीवाल्यांनी भरलेला असतो. तुमच्या कामाचं आहे ते बाहेर. त्याच दिवसांत शहरातल्या कॅफेंमध्ये ग्रुन्सॉनिक चालतं, ग्रोनिंगनच्या स्थानिक बँड्सचा फुकट शोकेस, आणि प्लेटो नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पण फुकट सेट होतात, सीडी-रेकॉर्डच्या रॅकमध्ये अंग चोरून उभं राहायचं आणि गायक हाताच्या अंतरावर. ग्रोनिंगनच्या बारना बंद व्हायची ठरलेली वेळ नाही त्यामुळे रात्र किती लांबेल याचा नेम नाही, राहायची सोय खूप आधी करून ठेवा, त्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत.

तिथे गेलात की वेरा क्लबला चक्कर मारा. फुकट नाही, पण जवळजवळ सगळा कारभार स्वयंसेवक चालवतात आणि गिगची पोस्टर्स स्वतःच स्क्रीनप्रिंट करतात. १९८९ मध्ये निर्वाना हा अमेरिकन रॉक बँड तिथे वाजवून गेलाय, जगाला नाव माहीत व्हायच्या आधी. सबरूटीन नावाचं छोटं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) पण ग्रोनिंगनचंच. डोक्कुम या फ्रीसलंडमधल्या गावचा द होमसिक हा बँड त्या लेबलवर होता आणि तिथून पुढे थेट अमेरिकेच्या सब पॉप या लेबलवर गेला. ट्रामहाउस, लूसबर्ग हे बँड रॉटरडॅमचे, ते पण ऐकून ठेवा. भाषेची चिंता नको, बरेच जण इंग्लिशमध्येच गातात. डच हवं असेल तर हँग यूथ, पंक आहे, गाणी एवढी छोटी की शब्द कळायच्या आत संपतात.

उन्हाळ्यात दोन गोष्टी. ५ मेला मुक्तिदिनाचे (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्यातून सुटका) १४ फेस्टिव्हल देशभर असतात, सगळे फुकट, मेन स्टेजवर रेडिओवरची नावं असतात, तिकडे फार वेळ घालवू नका, छोट्या स्टेजवर त्या भागातले बँड असतात तिकडे जा. आणि जुलैत नायमेखनला चार दिवसांच्या पदयात्रेच्या आठवड्यात फाल्खोफ पार्कमध्ये फुकट फेस्टिव्हल असतो, बाहेरदेशीचे बँड पण असतात, पण निवड एकदम तिरकी, मला त्या पार्कात डच बँड ऐकायला सगळ्यात जास्त मजा येते.

आणि खरं खोलवरचं अंडरग्राउंड हवं असेल तर ते पूर्ण फुकट नसतं, पाच-सात युरो किंवा दारात डोनेशनचा डबा. ॲमस्टरडॅमचं ओसीसीआयआय आणि ओटी३०१, उट्रेख्टचं आकू, या सगळ्या जागा मुळात लोकांनी ताबा घेतलेल्या रिकाम्या इमारती. द एक्ससारखा डच पंक बँड १९७९ पासून याच वातावरणात वाढला. २०१० च्या ऑक्टोबरपासून असा ताबा घेणं गुन्हा ठरलं त्यामुळे नव्या जागा तयार होणं अवघड झालंय, ज्या टिकल्या त्या बहुतेक आधीच कायदेशीर झालेल्या. तुमच्या आइंडहोवनचं एफेनार हे कॉन्सर्ट हॉलसुद्धा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या लिनन कारखान्यात पोरं घुसली तिथूनच सुरू झालं, आत्ताची चकाचक इमारत २००५ ची आहे.

तारखा शोधायला ड्री-फोर-ट्वाल्फ (3voor12) बघा, व्हीपीआरओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेची म्युझिक साइट, स्थानिक आवृत्त्या पण आहेत, डचमध्ये आहे पण ब्राउझर भाषांतर करून देतो.

दोन बारीक गोष्टी. इअरप्लग न्याच, इथे पंधरा मिनिटांची सरासरी १०३ डेसिबलपर्यंत चालते आणि छोट्या कॅफेत स्पीकर तोंडासमोर असतो. दुसरं, दारावर वाचलेले पैसे मर्चच्या (बँडचे टी-शर्ट, रेकॉर्ड विकायच्या) टेबलावर टाका, एक टी-शर्ट घेतला तर त्या पोरांचा व्हॅनच्या डिझेलचा खर्च थोडा तरी निघतो. कार्ड चालतं बहुतेक ठिकाणी, डोनेशनच्या डब्यासाठी मात्र सुटी नाणी ठेवा.

बायको-मुलीला घेऊन जायचं पण विचारलं होतं तुम्ही. पॉपरोंडेचे दुकानातले, संध्याकाळी लवकरचे सेट चालतील, रात्रीच्या बारवाल्या सेटला लहान मूल नको, आणि वयाची अट असेल तर त्या जागेच्या पानावर लिहिलेली असते. यंदाची यादी लागली की इथेच टाका, कुठला बँड आधी बघायचा ते सांगतो.