मल्टिप्लेक्सला पहिल्यांदाच जाताय? सीट बघून घ्या

प्रश्न: मी बार्शीची, वय ६८. आजवर सिनेमे पाहिले ते टूरिंग टॉकीजच्या तंबूत, नाहीतर गावातल्या थेटरात बाल्कनीत बसून. दिवाळीत मुलाकडे पुण्याला जातेय आणि नातवंडं मल्टिप्लेक्सला चल म्हणून मागे लागलीयेत. ह्यांचे गुडघे दुखतात, सरकता जिना मला जमत नाही, ५ वर्षांचा नातूही बरोबर असणार. पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत म्हणे. तिथे नक्की काय काय असतं?

उत्तर: काकू, जा नक्की, आणि काकांनाही न्याच. मॉलमध्ये लिफ्ट असते, दारावरच्या सिक्युरिटीला विचारलं की तो दाखवतो, त्यामुळे सरकत्या जिन्याचं टेन्शन घेऊच नका.

खरा प्रश्न आत गेल्यावर येतो. आतमध्ये पायऱ्या असतात, अंधार असतो, आणि पायऱ्यांच्या कडेला बारीक दिवे असले तरी दुखऱ्या गुडघ्यांना तेवढ्याने भागत नाही. मुलं काय करतात, आईबाबांना आराम मिळावा म्हणून प्रेमाने रिक्लायनर बुक करतात, म्हणजे बटण दाबलं की पाय वर येतात त्या खुर्च्या, पण त्या बहुतेक ठिकाणी सगळ्यात मागे म्हणजे सगळ्यात वर असतात आणि दार जर खाली असेल तर काकांना अख्खा जिना चढावा लागतो. तिकीट बुक करायच्या ॲपवरच्या सीटच्या नकाशात पडदा कुठल्या बाजूला ते दिसतं, दार कुठे ते बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून मुलाला सांगा की थेटरला फोन करून किंवा काउंटरवर जाऊन दार कुठल्या रांगेपाशी उघडतं ते विचार, आणि त्याच रांगेतल्या कडेच्या सीट घे. एवढं केलंत तरी निम्मा त्रास वाचला. व्हीलचेअर लागणार असेल तर तेही आधीच सांगून ठेवा.

तिकिटावरच्या वेळेला लगेच सिनेमा सुरू होत नाही, आधी जाहिराती आणि ट्रेलर चालतात. तरी तुम्ही लवकरच जा, दिवे चालू असताना बसलेलं बरं. आपल्याकडे सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे उभे राहतात. दिव्यांगांना त्यातून कोर्टाने सूट दिलेली आहे. एसी जोरात असतो, शाल ठेवा. आवाजही मोठा असतो, नातू दचकू शकतो, त्याला मध्ये बसवा. आणि हो, साधारण ३ वर्षांपुढच्या मुलांना पूर्ण तिकीट लागतं.

पाण्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय की बाहेरचं खाणं अडवायचा थेटरवाल्यांना हक्क आहे पण पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेता येतं. म्हणजे चिवड्याचा डबा घरीच ठेवा, पण आत पाणी कुठे आहे ते हक्काने विचारा, लाजू नका, विकतचीच बाटली घेतली पाहिजे असं अजिबात नाही. गोळ्या पर्समध्ये असू द्या आणि तपासणीच्या वेळी तसं सांगा. तंबाखू, काडेपेटी वगैरे मात्र बाहेरच काढून ठेवायला लावतात.

सिनेमा निवडताना सेन॑सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट बघा. आता यूए, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे, त्यामध्येच ७+, १३+ आणि १६+ असे भाग केलेत, म्हणजे त्याहून लहान मुलाला न्यायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं. ‘ए’ असेल तर १८ खालच्यांना प्रवेशच नाही, सोबत आईबाप असले तरीही नाही.

प्रश्न: ॲपवर तिकिटाचा एक भाव दिसतो आणि पैसे भरताना जास्त जातात, असं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ती कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ॲपवरून बुकिंग करण्याचे जादा पैसे, आणि तिच्यावर परत जीएसटी. काउंटरवर तिकीट घेतलं तर ही फी लागत नाही. तिकिटावरचा जीएसटी वेगळाच, २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. भावही वाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवारच्या संध्याकाळपेक्षा मधल्या वारी सकाळचा शो बराच स्वस्त पडतो. फक्त मराठी सिनेमा असेल तर पैशांचा हा विचार जरा बाजूला ठेवा आणि पहिल्याच शुक्रवार ते रविवारात जा, कारण त्या तीन दिवसांत सीट रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात आणि मग तुम्हाला जमेल त्या वेळेला तो लागलेलाच नसतो.