हसू येईल अशी पुस्तकं सांगा, बोध नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्याहून बदली होऊन बेळगावला आलाय, मुलगी 10 वर्षांची, मुलगा 14 चा, दोघंही इंग्लिश मिडियममधे, आणि घरात जी काय मराठी पुस्तकं आहेत ती एकतर रडवणारी नाहीतर शहाणं करणारी, तर नुसती मजा येईल अशी पुस्तकं कुठली.

सांगतो. अगोदर माझी लायकी सांगतो म्हणजे किती ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी साहित्यिक बिहित्यिक कोण नाही, खानापूर तालुक्यात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, शाळेच्या समोरच. काउंटरच्या मागं एक लोखंडी रॅक आहे, त्यात पोरांसाठी पुस्तकं ठेवलीत. न्यायची, वाचायची, आणून द्यायची, पैसे काही नाहीत खरं पान फाटलं तर फेविकॉल लावून द्यायचं. (इकडं 'खरं' म्हणजे 'पण' बरं का, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आठवडाभर गोंधळ उडंल तुमचा.) तर कुठलं पुस्तक चांगलं हे मला परीक्षण वाचून कळत नाही, कव्हर बघून कळतं. साने गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, माझ्याकडची श्यामची आई अजून नवी कोरी आहे, कारण ती प्रत्येकाला वाढदिवसाला कोणी ना कोणी दिलेलीच असते. आणि चिंटूची 6 पुस्तकं होती त्यातली 2 उरलीत, त्यातल्या एकाला कव्हर नाही आणि एकावर कसल्यातरी रश्श्याचा डाग आहे.

म्हणून सुरुवात चिंटूपासनंच करा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका, 1991 पासनं पेपरात यायची, नंतर त्याची पुस्तकं निघाली. इंग्लिश मिडियमच्या पोरांचा खरा प्रॉब्लेम गोष्ट कळत नाही हा नसतोच, जोडाक्षर आलं की गाडी अडते हा असतो, आणि तीन ओळीत एकदा अडलं की विनोद मेला. विनोदाला स्पीड लागतो. चिंटूत तीन-चार चौकटी, चौकटीत चार शब्द, अडलं तरी चित्र बघून कळतं, आणि हसल्याशिवाय पान उलटत नाही. कोणी म्हणेल हे काय वाचन झालं. म्हणू दे.

मुलीसाठी राजीव तांब्यांची प्रेमळ भूत मालिका घ्या, भूत आहे खरं भीती नाही, त्यामुळं रात्री लाईट घालवायच्या वेळी भांडण होत नाही. माधुरी पुरंदरे यांची यश आणि राधाची पुस्तकं तिला वयानं जरा लहान वाटतील, तरी एखादं आणून ठेवा. चित्रं त्यांचीच असतात आणि त्या चित्रातलं घर हे खरोखरचं घर असतं, पसारा असलेलं. आणि विंदांच्या बालकविता, राणीची बाग नाहीतर एटू लोकांचा देश. ही मात्र तिच्या हातात देऊन तुम्ही मोबाईल घेऊन बसू नका, तुम्ही मोठ्यानं म्हणा. तुम्हाला लाज वाटंल पहिल्यांदा. मला पण वाटली होती, गिऱ्हाईक समोर उभं आणि मी चौथीतल्या एका पोरीला प्राण्यांच्या कविता म्हणून दाखवतोय. दुसऱ्या दिवशी ती पोरगी आणखी दोघींना घेऊन आली आणि परत म्हणा म्हणाली, आणि त्या गिऱ्हाइकानं पण, खोटं नाही सांगत, सुट्टे पैसे परत घ्यायला मुद्दाम वेळ लावला.

आता मुलगा. 14 वर्षांच्या पोराला 'हे वाच, मस्त आहे' म्हटलं की तो ते वाचणार नाही हे तुम्हाला ठाऊकच असंल. माझ्याकडं जे घडलं ते सांगतो.

दोन वर्षांमागं जुलैत, आमच्याकडचा पाऊस म्हणजे तुम्ही अजून बघितला नाही, कळंल यंदा, तर अशा पावसात नववीतला एक पोरगा प्रोजेक्टची प्रिंट काढायला आला आणि निम्मा कागद प्रिंटरात असताना करंट गेला. त्याला जाता येईना, कागद अडकलेला. मी काही बोललो नाही, मिरासदारी हातात दिलं, भुताचा जन्म ही गोष्ट काढून. द. मा. मिरासदारांची गोष्ट, भूत नसतानाच भूत कसं तयार होतं त्याची. पोरगा दाराजवळ उजेडाला उभा राहून वाचाय लागला. पहिली दोन पानं तोंड एकदम सरळ. मग खांदे हलाय लागले. मग एकदम बाहेर तोंड काढून सायकलवर पाय टेकून थांबलेल्या दोस्ताला ओरडला, "अगा हिकडं ये, हे ऐक." आणि वाचून दाखवाय लागला, अडखळत, एक शब्द तर तीनदा चुकीचा म्हटला, खरं दोस्तानं सायकल स्टँडला लावली. करंट आला, प्रिंटरनं घर्र करून कागद बाहेर टाकला, दोघांपैकी एकानंही तिकडं बघितलं नाही.

तेव्हापासनं माझं माप हेच. जे पुस्तक वाचताना पोरगं उठून दुसऱ्याला गाठून एक ओळ तरी वाचून दाखवतं ते हसवणारं पुस्तक, आणि जे वाचून झाल्यावर 'छान होतं' म्हणतं ते आईबापानं आणलेलं पुस्तक. मिरासदारांची व्यंकूची शिकवणी पण ह्या मापात बसते, त्या गोष्टीवर एका पोरानं मला सांगितलं, "मामा, ह्यो मास्तर आमच्या सरांगत हाय की ओ." कुठले सर ते मी विचारलं नाही, मला दुकान चालवायचंय. शंकर पाटलांचं धिंड पण असंच, ते मूळचे पट्टणकोडोलीचे म्हणजे आमच्या शेजारचेच, त्यांच्या गोष्टीतला गावरान बोलण्याचा ठसका इकडच्या पोरांना डिक्शनरी न बघता कळतो. धिंडीत दारूबाज माणूस आहे, तुम्हाला चालत असंल तर द्या, मला काही त्यात वावगं दिसलं नाही.

फास्टर फेणे तर तुम्ही पुण्याचे म्हणजे माहीत असणारच. भा. रा. भागवतांनी त्याची 20 पुस्तकं लिहिली, फुरसुंगीचा बनेश, सायकल, विद्याभवन शाळा आणि ते ट्टॉक्. पोरं अजून नेतात, विशेषतः 2017 चा सिनेमा बघून आलेली, आणि मग 'सिनेमातला मोठा आहे हा तर शाळेतला आहे' म्हणून चक्रावतात. मजा आहे, वेग आहे, खरं हे हसण्यापेक्षा धावण्याचं पुस्तक आहे. चौदाव्या वर्षी जरा उशीर झाला असंल, मुलीला द्या की, मुलीसाठी वेगळं आणि मुलासाठी वेगळं असं माझ्या रॅकवर नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आलाय, अशोक जैन यांनी केलेला, तो मुलाला चालंल, त्यातले लालमोहन बाबू म्हणजे रहस्यकथा लिहिणारे लेखक, फुशारकी भरपूर आणि माहितीचा घोळ, त्यांच्यासाठीच मी वाचतो, खून कुणी केला मला दोनदा वाचूनही आठवत नाही. ताम्हनकरांचं गोट्या मला स्वतःला फार आवडतं, पण हल्लीची पोरं अर्ध्यात परत आणतात. भाषा जुनी झाली. रात्री तुम्ही वाचून दाखवलं तर चालतं, एकटी नाही वाचत.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही बेळगावला आलाय आणि तुमच्या घरात लंपन नसंल तर हे सगळं राहू दे, आधी ते आणा. प्रकाश नारायण संतांचं वनवास. 1994 ला आलं, पुढं शारदा संगीत, पंखा, झुंबर. हे इंदिरा संतांचे चिरंजीव, बेळगावात वाढलेले. लंपन नावाचा पोरगा आईवडिलांपासनं लांब आज्जी-आजोबांकडं राहतोय आणि तोच सगळं सांगतोय, त्याची शाळा, त्याचे दोस्त, ती सुमी, आणि डोक्यात सतत चाललेली त्याची ती बडबड. दुनियेनं त्यावर केवढं लिहिलंय, तरल आणि संवेदनशील आणि काय काय, ते सगळं खरं असंल, खरं पोरांना ते तरल बिरल काही दिसत नाही, त्यांना एवढंच दिसतं की हा पोरगा आपल्यागत बोलतोय. कानडी हेल असलेलं मराठी, मधेच कानडी शब्द, आज्जी म्हणताना ज वर पडणारा जोर.

मी सहावीत असताना निबंधात 'खरं' लिहिलं म्हणून आमच्या मास्तरांनी लाल पेनानं गोल केला होता, आणि खाली लिहिलं होतं 'पण'. तीन ठिकाणी. ते मला अजून आठवतं. तर दुकानात आठवीतल्या एका मुलीला मी वनवासमधलं एक पान वाचून दाखवलं, ती हसली, मग एकदम थांबली, पुस्तक माझ्या हातातनं ओढून स्वतः बघितलं की हे खरोखर छापलंय का मीच बनवून सांगूलालोय, आणि म्हणाली, "असं लिवलेलं चालतंय व्हय ओ मामा?" पुस्तक तीन आठवडे परत आलं नाही. आलं तेव्हा तिच्या आज्जीनं पण वाचलंय असं कळलं, आज्जीनं चष्म्याची काडी खूण म्हणून आत ठेवलेली तशीच होती.

एक सांगून ठेवतो, सगळंच हसण्याचं नाही ते. पुढच्या पुस्तकांत घशाशी येतं. खरं ते आधी हसवून मग येतं, म्हणून चालतं, आणि तुमच्या मुलाचं वय त्याला बरोबर आहे. 2024 ला त्यावर सिरीज पण आली, निपुण धर्माधिकारींची, ती आधी दाखवू नका. आधी दाखवली की लंपनचा चेहरा ठरून जातो.

आणि पु. ल. पु. ल. काही काळ बेळगावात कॉलेजवर शिकवायला होते, त्या दिवसांतले इथले एक रसिक थिएटरवाले म्हणजे गणगोतमधले रावसाहेब. वाचायच्या आधी ऐकवा, पुलंच्याच आवाजातलं मिळतं. कानडी वळणाचं मराठी आणि प्रत्येक वाक्याला शिवी. पुण्याच्या आयांना हे चालतं का माहीत नाही, आमच्याकडं त्या शिव्या शिव्या म्हणून मोजत नाहीत, त्या म्हणजे स्वल्पविराम. शेवटाला हसू थांबतं तेही बघा. सखाराम गटणे मात्र जरूर वाचायला द्या, व्यक्ती आणि वल्ली मधला, फार वाचून छापील बोलणारा पोरगा. माझ्या रॅकवरनं आठवड्याला तीन पुस्तकं नेणारा एक पोरगा होता, त्याला मी तो वाचायला दिला. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, मग येऊन म्हणाला दुसरं द्या.

कानडीचं पण बघा हां. तुमच्या मुलांना इथं शाळेत कानडी येणारच आणि सुरुवातीला ती रडणारच. गाईडं आणायच्या आधी जी. पी. राजरत्नम यांची बालगाणी ऐकवा, शेजारच्या कुठल्याही कानडी घरात पाठ असतात, आणि कुवेंपूंचं बोम्मनहळ्ळीय किंदरीजोगी, उंदरांचा सुळसुळाट झालेल्या गावाचं मोठं गाणं, मूळ इंग्रजी बासरीवाल्याच्या कवितेवरनं केलेलं. उंदरांची ती यादी ऐकताना अर्थ नाही कळला तरी हसू येतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीत पण आणि कानडीत पण फुकट मिळते, दोन्ही उघडून ठेवायच्या, माझी भाची अशीच कानडी वाचाय शिकली.

मिळवायचं कुठं. ऑनलाइन घेताना जरा बघून घ्या, मी एकदा स्वस्तात सेट मागवला तर पानं 33 ते 48 दोनदा आणि पुढची 16 गायब, परत घ्यायला 20 दिवस. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 सालचं, तिथं मेंबर व्हा. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव असल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, पोरांना घेऊन जा आणि पुस्तक त्यांनाच निवडू दे, भाषणं नाही ऐकली तरी चालतंय. आणि किशोर मासिक, बालभारतीचं, 1971 पासनंचं. कर्नाटकातल्या मराठी शाळांना पुस्तकं कर्नाटक सरकारची, त्यामुळं बालभारतीशी इकडच्या पोरांचा संबंधच येत नाही, निम्म्यांनी किशोर नावच ऐकलेलं नसतं. जुने अंक नेटवर फुकट आहेत. मी त्यातल्या गमतीच्या गोष्टींच्या प्रिंट काढून पिन मारून ठेवतो, त्या तर कोणी परतच आणत नाही.

खानापूरकडं आलात तर रॅक बघून जा. मिरासदारी सध्या बाहेर आहे, तो प्रिंटरवाला पोरगा आता अकरावीला आहे आणि तिसऱ्यांदा घेऊन गेलाय.