डीपफेक बनवणारी की ओळखणारी?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. पोलिसांसाठी डीपफेक बनवून गुन्हेगार पकडायचे, हे तिच्या डोक्यात बसलंय. तिचे बाबा म्हणतात, खोटं बनवण्याचं कसलं करिअर? हे कायद्यात तरी बसतं का? – एक आई, कराड

ताई, बाबांची शंका रास्त आहे, पण डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खऱ्यासारखा खोटा व्हिडिओ, कुणाला आणि कशासाठी दाखवला, हे आधी पाहावं लागतं.

रॉटरडॅममध्ये २००३ साली तेरा वर्षांचा एक मुलगा बर्फाचे गोळे फेकत खेळताना गोळी लागून गेला. २०२२ मध्ये डच पोलिसांनी घरच्यांच्या संमतीने त्याला डीपफेकमध्ये उभं केलं, साक्षीदारांनी पुढे यावं म्हणून. व्हिडिओ बनवलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. यात फसवणूक कुठेच नाही, आणि मला हे काम मनापासून पटतं.

आरोपीला कोठडीत बसवून 'तुझ्या मित्राने कबुली दिली' असा बनावट व्हिडिओ दाखवणं मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत चौकशीत तोंडी थाप मारायला सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच मोकळीक दिली. पण १९८९ मध्ये फ्लोरिडात पोलिसांनी प्रयोगशाळेचे खोटे अहवाल टाइप करून आरोपीपुढे ठेवले, तेव्हा कोर्टाने तो कबुलीजबाब बाद केला. बोललेलं खोटं त्या खोलीत राहतं. खोटा कागद फाइलमध्ये शिरतो आणि पुढे कुणीतरी तो खरा धरतो, ही कोर्टाची भीती होती. व्हिडिओ तर त्या कागदापेक्षा कितीतरी लवकर पसरतो.

आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम २३ नुसार पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र तिच्यामुळे हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. शिवाय कबुली एरवी ग्राह्य असेल, तर केवळ फसवून घेतली म्हणून ती बाद होत नाही, असं कलम २२ म्हणतं. हा नियम ब्रिटिश काळापासूनचा, डीपफेक कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचा. त्या फटीतून निरपराध माणूस भरडला जाऊ शकतो, आणि म्हणूनच मला या क्षेत्रात तुमच्या मुलीसारखी मुलं हवी आहेत.

तिला म्हणावं, डीपफेक ओळखायला शीक. बनवायचे कसे, हे त्यात आपोआप येतं. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी गांधीनगरला आहे, गोव्यातही तिचा कॅम्पस आहे. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी केलं तर उत्तमच. त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला का हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) असलेलं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. त्या सहीची जबाबदारी पेलणारी माणसं पुढे लागणारच आहेत.

परीक्षा संपली की तिला एक दिवस कराडच्या कोर्टात घेऊन जा. कामकाज खुलं असतं, मागे बसून ऐकता येतं. एखाद्या तज्ज्ञाची उलटतपासणी ऐकायला मिळाली तर फारच छान. बाबांनाही सोबत न्या.