कुटुंबाने मिळून छोटी ब्रुअरी काढली तर त्रास किती आणि हाती काय लागतं?

तुम्ही नवरा-बायको आणि दीर मिळून ब्रुअरी काढताय, आणि दोघांनीही नोकरी सोडावी का, असं विचारलंय. आमची ब्रुअरी मी, बायको आणि मेहुणा असे तिघं चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिअर बनवायला या धंद्यात फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो धुण्यात. टाकी रिकामी झाली की आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, मग ॲसिड, शेवटी निर्जंतुक करायचं द्रावण. व्हॉल्व्हच्या गॅस्केटमागे चिमूटभर मळ राहिला तरी बॅक्टेरिया तिथे ठाण मांडतात आणि पुढचा अख्खा घाणा आंबतो. बिअर जंतूंमुळे नासते हे पाश्चरने १८७६ च्या पुस्तकात मांडलं. आमचे ब्रश आजही त्याच धास्तीने झिजतायत. टाकीत डोकं मात्र कधीही घालायचं नाही. बिअर आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि माणूस क्षणात कोसळतो. घरची पोरं तिथे बागडत असतील तर हे पहिल्या दिवशी शिकवा.

दुसरा त्रास अडकलेल्या पैशाचा. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ६५-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, रस गाळायचा, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) घालून उकळायचा, थंड करून यीस्ट सोडायचं: एका दिवसाचं काम. पण एल, म्हणजे उबेत आंबणारी बिअर असली तर टाकी दोन-तीन आठवडे अडते, लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबणारी असली तर महिना-दीड महिना. म्हणून उकळायचं भांडं छोटं घेतलं तरी चालेल, दिवसातून दोनदा उकळा. पैसे फर्मेंटरवर, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्यांवर घाला. यंत्रं विकणारे नेमका उलटा सल्ला देतात. परवाना येईपर्यंतचं भाडं, बारवाल्यांची उधारी आणि त्यांच्याकडे पडून राहिलेले केग (बिअरची पिंपं), हेही हिशेबात धरा.

घरच्यांचं म्हणाल तर प्रत्येकाचा पगार कागदावर लिहा, भले सुरुवातीला तो निघणार नसला तरी. आणि चवीबाबत शेवटचा शब्द एकाचाच हवा. आमच्याकडे तो बायकोचा, कारण तिचं नाक तिखट. बिअरला लोण्यासारखा वास आला की ती टाकी थंड करू देत नाही. यीस्टला आणखी दोन-तीन दिवस उबेत राहू दिलं की ते स्वतःच तो वास खाऊन टाकतं. तिकडे ऑर्डर खोळंबते, मेहुणा फणफणतो, जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. पण टाकी तिने हो म्हटल्यावरच थंड होते.

समाधान? पहिला घाणा जमला तेव्हा आनंद झालाच, पण खरी छाती फुगली ती मागच्याच चवीची बिअर पुन्हा हुबेहूब उतरली तेव्हा. बार्लीचं पीक बदलतं, यीस्टचा मूड बदलतो, तरी चव तीच. ओळखदेख नसलेला माणूस ग्लास संपवून काही न बोलता दुसरा मागतो, तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा नोकरी एकानेच सोडा, दुसऱ्याचा पगार निदान पहिली दोन वर्षं घरात येऊ द्या. आणि टाक्या विकत घेण्याआधी कुणाच्या तरी ब्रुअरीत महिनाभर धुण्याचं काम करून बघा, तिघांनीही.