गणपतीच्या मालाची ऑर्डर मे महिन्यात दे

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीत कपड्यांचे दुकान काढताना ‘माल नीतीने बनलेला असावा’ असे तू लिहिलेस, याचे मला फार समाधान वाटले. त्यासाठी कोणते प्रमाणपत्र मागावे, हा तुझा प्रश्न आहे. सेंद्रिय सुताच्या कापडाला ‘गॉट्स’ (सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचे प्रमाणपत्र) आणि हातमागाच्या कापडाला ‘हँडलूम मार्क’ (हातमागाचीच खूण) असतो, तो जरूर पाहा. परंतु भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कापड किंवा उल्हासनगरात शिवलेला तयार माल घेताना तुझ्या हाती मुख्यतः ऑर्डर देण्याची आणि पैसे चुकते करण्याची वेळ एवढेच असते.

आपला धंदा गणपतीवर चालतो. एके वर्षी सणाला तीन आठवडे उरले असताना मी मुलांच्या कुर्त्यांचे रंग बदलून मागितले. माल वेळेवर आला, चाकरमान्यांनी उचललाही. पुढे कारखान्यात गेलो तेव्हा कळले, की ठेकेदाराने ते काम पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी ठरवून, घरोघरी वाटले होते आणि काज-बटण करणाऱ्या बायका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागल्या होत्या. जादा मजुरी मात्र कोणालाही मिळाली नव्हती. तो दोष माझा होता, असे मी आजही मानतो.

ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्यावर त्याच इमारतीतल्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले होते. शिलाई कामगारांना मात्र ऑर्डरी वेळेत पुऱ्या करण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसवले गेले.

म्हणून ऑर्डर मेअखेर पक्की कर आणि नंतर बदलू नकोस. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे १५ दिवसांत, आणि लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. तरीही आपल्याकडे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणण्याची रीत पडली आहे. पैसे अडकले की कारखानदार आधी मजुरी थकवतो. भाव ठरवताना कापड, शिलाई, धुलाई, इस्त्री यांचे आकडे वेगवेगळे मागून घे. एका कामगाराचे दिवसाला किती नग होतात ते विचारून शिलाईच्या दराशी गुणाकार कर, तो किमान वेतनाशी ताडून पाहा, आणि घासाघीस करताना त्या दराला हात लावू नकोस.

कारखाना स्वतः पाहा. जिन्यात गाठी रचल्या आहेत का, मागचे दार उघडते का, हेही बघ. पावसाळ्याआधी जायचे ठरवलेस तर कळव. मीही बरोबर येईन.